कागदात धरलेला तुकडा

लाकडी पाट होता. बसायचा नव्हे, वाढायचा.

हॉस्टेलच्या खोलीत ऋतिकानं खिडकी उघडली आणि विचारलं, "तुझ्या बॅगेत काय आहे गं?"

परशराम आजा चहा न पिताच उठला. कप फुटका नव्हता. चांगला, फुलाफुलांचा होता.

टाळ्या वाजत होत्या, त्या भलत्याच कुणासाठी.

सांबऱ्याला विमान उतरताना शेतातल्या बायका मान वर करत नाहीत.

"आई घरीच असते."

गरम असताना तुकड्याचं टोक खाली लवतं, आणि मग दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागतो.

यातलं आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे त्या दुपारी पारमिताला लावता येईना. टिळकवाडीतल्या त्या इटालियन हॉटेलात ती पाच माणसांच्या टेबलाशी बसली होती, तोंडात चीजचा घास होता, आणि ज्याच्याशी तिला लग्न करायचं होतं त्या साईराजची आई तिच्या आईला नुकतंच एक वाक्य बोलून गेली होती. वाक्य प्रेमानं बोललेलं होतं. तेच वाईट होतं. शिवी असती तर काय करायचं ते पारमिताला ठाऊक होतं; शिव्यांसाठी ती लहानपणापासून कंबर कसून तयार होती. प्रेमानं बोललेल्या वाक्यासाठी तिची तयारी नव्हती.

"हातानंच घ्या की, आक्का," जयाबाई म्हणाल्या होत्या. "कागद कशाला? आमच्यात तसलं काय न्हाय बगा आता."

बेत साईराजचा. तो बेळगावजवळच्या पिरनवाडीचा, ही निपाणीची, दोघं बंगळुरात एकाच ऑफिसात. मराठी बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून ओळख झाली आणि मग मराठीची गरज उरली नाही. पारमिता आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बंगळुरात न्यायला आली होती. संध्याकाळचं विमान सांबऱ्याहून, म्हणजे बेळगाव वाटेतच. दुपारी सगळे एकत्र जेवूया, साईराज म्हणाला. घरी नको, हे तो म्हणाला नाही, पण ते दोघांनाही कळलं. घर म्हटलं की घरातली भांडी आली, चहा कोणत्या कपातून दिला आणि नंतर तो कुणी विसळला हे आलं, शेजारणीचं दारातून डोकावणं आलं. हॉटेल हवं, आणि तेही असं, की तिथलं जेवण दोन्ही घरांपैकी कुणाच्याच बापजाद्यांनी चाखलेलं नाही. तिथं सगळेच परके, म्हणून सगळेच सारखे. ही युक्ती पारमिताला फार आवडली होती. निपाणीहून येताना बसमध्ये तिनं आईला पिझ्झा म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं, आणि तानीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली होती, "मी खाल्लाय. शेजारच्या अमरदीपच्या पोराच्या वाढदिसाला. रबरासारकं लांबतंय त्येच न्हवं?"

हॉटेलात रविवारची गर्दी होती. लाल-पांढऱ्या चौकड्यांची टेबलं, काचेपलीकडे भट्टी, आणि भट्टीपुढे पिठाची चकती हवेत भिरकावून झेलणारा माणूस. चकतीनं दोन गिरक्या घेतल्या की कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत. पलीकडच्या टेबलाला कुणाचातरी वाढदिवस होता, म्हणून वेटर टाळ्या वाजवत, ताटल्या बडवत गाणं म्हणत होते, कन्नडमध्ये सुरू करून इंग्रजीत संपवत होते. साईराजचे वडील भरमाण्णा खानापूरकडची शेती आणि शहरातली नोकरी दोन्ही ओढून नुकतेच मोकळे झालेले. त्यांनी नवाकोरा शर्ट घातला होता आणि घडीच्या रेघा अजून त्यावर होत्या. जयाबाईंनी गळ्यातलं सगळं घातलं नव्हतं. मुद्दाम घातलं नव्हतं, हे पारमिताच्या लक्षात आलं आणि तिला त्यांच्याबद्दल माया वाटली. वेटरनं तिखट की कमी तिखट असं विचारलं तेव्हा तानीबाईनं "खारा इरली", तिखटच असू दे, असं कन्नडमध्येच झटकन सांगून टाकलं, आणि मग टेबल जरा सैल झालं.

"ह्ये काय रं साईराज," पिझ्झा आल्यावर भरमाण्णा म्हणाले, "भाकरीवरच कालवण वतलंय की. ताट धुवायचं वाचवत्यात व्हय ही माणसं?"

"आप्पा, हळू बोला."

"हळू कशाला? ह्या दंग्यात माजं मलाच ऐकू येईना झालंय."

"आन पाटावर वाढलंय," तानीबाई म्हणाली. "आमी पाटावर बसतो, ही पाटावर जेवत्यात."

"मग तुमी टेबलावर बसा, आक्का. बरुबर व्हईल."

सगळे हसले. खरंच हसले. पारमिताला पुढं कितीतरी दिवस हे हसणंच आठवत राहिलं, कारण त्यात कुणाचंच काही लपलेलं नव्हतं. नेहमीचे प्रश्न मात्र कुणी विचारले नव्हते. मूळ गाव कोणतं, माहेर कुठलं, पै-पावणे कुठं कुठं. हे प्रश्न शेवटी कुठं जाऊन पोचतात ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे विमानाविषयी बोलत होते, डोळ्यांच्या डॉक्टरांविषयी बोलत होते, बंगळुरातल्या रहदारीविषयी बोलत होते. पाचही जण इतकी काळजी घेत होते, की जणू काचेचं काहीतरी मधोमध ठेवलंय आणि कुणाचंही कोपर त्याला लागता कामा नये. मग साईराजनं पाटावरचा एक तुकडा उचलला, भरमाण्णांनी उचलला, पारमितानं उचलला. तानीबाईनं डब्यातला कागदी रुमाल ओढला, त्याची दुहेरी घडी केली, त्या घडीत तुकडा पकडून पाटावरून अलगद उचलला, आणि कागदातच धरून पुढून चावत खायला लागली. बोट कुठंही लागलं नाही. पारमिताला यात काही दिसलंच नाही. दारात काढलेली घरच्या माणसाची चप्पल दिसत नाही, तसं. तिला आधी जयाबाईंचे डोळे दिसले, ते कुठं बघतायत ते दिसलं, आणि मग आईच्या हातातला कागद दिसला. तो पहिल्यांदा दिसला असंच म्हणायला हवं, कारण आजवर ती तो बघतच आली होती.

वाक्य तयार होतं.

तसं नाही हो काकू, आई तंबाखूच्या वखारीत होती.

किंवा: तंबाखूनं हात कडू होतात, काकू, आमच्याकडच्या बायका सगळ्या अशाच जेवतात.

किंवा हसत हसत: अहो कसली जात, तंबाखू!

तिन्ही वाक्यं खरी होती. म्हणायला वेळही होता. पलीकडे वेटर ताटल्या पुन्हा बडवायला लागले होते, आणि त्या आवाजात कुणीही काहीही बोललं असतं तरी खपलं असतं. "आई!" एवढंच साईराज म्हणाला, आपल्या आईला, दातांतल्या दातांत. भरमाण्णा भट्टीकडे बघत राहिले. पारमितानं तोंडातला घास चावला. तो गिळून होईपर्यंत बोलायचं नाही असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि घास गिळून झाल्यावर दुसरा घेतला.

वखार म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड, खिडक्या उंचावर, उन्हाच्या तिरिपीत तरंगणारी तपकिरी धूळ. तोंडाला लुगड्याचा तुकडा बांधून ओळीनं बसलेल्या बायका, मांडीसमोर चाळण. लहानपणी पारमिता निरोप द्यायला दारापर्यंत जायची आणि आत शिरायच्या आधीच शिंकायला लागायची, आतल्या बायका हसायच्या, "आली बग तानीची पोस्टमन." दुपारी सगळ्या भिंतीच्या सावलीत बसत. हात कितीही धुतला तरी कडूपणा बोटांत मुरलेला, बोट भाकरीला लागलं की भाकरी कडू, म्हणून सकाळीच घरून भाकरीवर चटणी पसरून तिची गुंडाळी करून आणायची, आणि फडक्यात धरून पुढून चावत जायची. कुणी बोटं चाटत नसे. कुणी भाकरी मोडत नसे. एकीनं दुसरीला काही द्यायचं तरी फडक्यातून फडक्यात. सगळ्या तशाच, मराठ्याच्या, लिंगायताच्या, बौद्धाच्या, मुसलमानाच्या. त्या भिंतीच्या सावलीत सगळ्यांचेच हात सारखे वाईट होते. वखार बंद होऊन वर्षं झाली, तानीबाईचे हात आता कुणाच्याही हातांसारखे आहेत, पण त्या हातांवर तिचा विश्वास मात्र परत आलेला नाही.

हे सगळं पारमिताला सांगता आलं असतं. ती बोलणारी मुलगी होती. जातीविषयी तर ती पहिल्या दिवसापासून बोलत आली होती. साईराजला तिनं ओळखीच्या दुसऱ्याच भेटीत, कॉफी यायच्या आत, आपण कोण ते सांगून टाकलं होतं, आणि त्याचा चेहरा निरखत बसली होती. जातीला शब्द होते. तिला गाणी होती, निळे झेंडे होते, भाषणं होती, आजोबांच्या गोष्टी होत्या. त्या लाजेला मान वर करून चालायला कुणीतरी आधीच शिकवून ठेवलं होतं. तंबाखूला नुसता वास होता. हॉस्टेलमध्ये खोलीत सोबत राहणाऱ्या ऋतिकानं खिडकी उघडली, विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता डिओडरंटचा फवारा मारला. वाईट मनानं नव्हे, झुरळ दिसलं तर मारावं तसं. त्या रात्री पारमितानं सगळे कपडे पुन्हा धुतले. पुढच्या सुट्टीनंतर ती घरून कपडे आणेनाशी झाली, त्यानंतर गोधडी आणेनाशी झाली, आणि कधीतरी आई काय करते असं कुणी विचारल्यावर "आई घरीच असते" हे वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं, की ते खोटं आहे हे तिला जिन्यावरून खाली उतरल्यावर आठवलं. साईराजलाही तेच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "माझी पण घरीच. शेतावर जाते, पण विचारलं की घरीच म्हणते." तेव्हा ते खरं सांगायची एक जागा आली होती. ती गेली.

आणि आता ही दुसरी. पण या दुसऱ्या वेळी जे झालं ते नुसतं गप्प बसणं नव्हतं, हे तिला घास चघळतानाच कळत होतं. जयाबाईंना ती जात वाटली, वास नव्हे, याचं तिला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. आईकडे बोट दाखवलं गेलं होतं खरं, पण ज्या लाजेचं तिला काही वाटत नव्हतं त्या लाजेकडे. आणि जी खरी होती, तिच्यावर पडदा तसाच राहिला होता. आईला तिनं त्या पडद्यासाठी पुढं केलं होतं, हे मात्र तिला तेवढं लगेच कळलं नाही.

तानीबाईनं लेकीकडे बघितलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना किती दिसत होतं कोण जाणे. तिनं वाट बघितली. माणूस दार ठोठावल्यावर बघतो तेवढीच, शिष्टाचाराची. मग कागदाची घडी मोडून ती मांडीवर ठेवली आणि जयाबाईंकडे वळून म्हणाली, "व्हय की. जुनी सवय हाय, सुटत न्हाय बगा लवकर."

आणि उघड्या हातानं पाटावरचा तुकडा उचलला.

परशराम आजा, तानीबाईचा बाप, चहाला बोलावलं की जायचा, आणि कप ओसरीच्या टोकाला ठेवलेला दिसला की उठायचा. भांडत नसे. "हातातनं हातात. न्हायतर नगं," एवढंच. तानीबाई परकर नेसत होती तेव्हा कुणीतरी वरून तिच्या ओंजळीत गुळाचा खडा टाकला होता. ती चोखत चोखत घरी आली आणि आजानं तो तिच्या तोंडातून काढून उकिरड्यावर फेकला, आणि मग ती रडते म्हणून स्वतः बाजारात जाऊन गुळाची ढेप घेऊन आला. ही गोष्ट पारमितानं बंगळुरात चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात माईकपुढं सांगितली होती. ढेपेपाशी तिचा आवाज बरोबर जागी कापला होता. लोक उभे राहिले होते.

जयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टेबलावरून हात लांबवून तानीबाईचं मनगट धरलं. "चुकलं आमच्या मागच्यांचं," त्या म्हणाल्या. "सासूबाई वरनं पानी वतायच्या. मी नवी नवरी, मला वाटायचं असंच असतंय. मी बी वतलंय, आक्का. खोटं कशाला बोलू तुमच्यापुढं?"

"असूं द्या," तानीबाई म्हणाली.

"असूं द्या न्हवं. बोलायचं म्हनून रात्रभर जुळवत हुते, आन काय बोलून बसले बगा."

"जया, आता रडून त्यास्नी बी रडवू नको," भरमाण्णा म्हणाले. "आक्का, तुमी सांगा. विहारात करायचं म्हनला तर विहारात. आमचं काय म्हननं न्हाय."

टेबलाखाली साईराजनं पारमिताचा हात दाबला. तो तिच्याकडे अशा नजरेनं बघत होता, की जणू आपल्या माणसांनी परीक्षा दिली आणि ती पास झाली. पास झालीच होती. जयाबाईंची माफी खरी होती, कधीची मागायची राहिलेली होती, आणि ती मागणाऱ्या बाईनं स्वतःचं उणं पिझ्झाच्या शेजारी, सगळ्यांदेखत काढून ठेवलं होतं. तेवढं एक करायला तिथं बसलेल्या, दोन पदव्या घेतलेल्या, माईकवर बोलणाऱ्या माणसाला जमलं नव्हतं. लग्न ठरत होतं. तिच्या डोळ्यांसमोर, चांगुलपणानं, ठरत होतं. आणि ते ज्या कागदावर उभं राहत होतं तो कागद आईच्या मांडीवर चुरगळलेला होता.

हात धुवायच्या जागी तानीबाई नळाभोवती चाचपडत होती. "पारू, ह्यो दाबायचा कुठं?"

"दाबायचा नसतो. नुसता हात धर खाली."

पाणी आलं, थांबलं. तानीबाईनं हात हलवला, पुन्हा आलं. "लई लाजतंय गं ह्ये पानी," ती म्हणाली. मग हात चोळता चोळता, आरशाकडे न बघता, "वखारीचं सांगितलं न्हाईस व्हय त्यास्नी?"

पारमितानं भिंतीवरच्या डब्यातून टिश्यू ओढला.

"साईराजला बी न्हाय?"

"नाही."

"बरं."

"बरं म्हणू नकोस, आई."

"मग काय म्हनू? तू गप बसलीस, म्हनलं पोरीचं कायतर असंल. म्हनून बोलले." पाणी पुन्हा थांबलं होतं. "तुजा आजा असता तर तो पाट उचलून टाळक्यात घातला असता. माज्या, आन मग तुज्या." ती जराशी हसली. हसू फार टिकलं नाही. "वखारीची लाज वाटली तर वाटू दे. वासच तसा हुता, मला बी वाटायची. पन ह्ये दुसरं म्या जन्मात कबूल केलं न्हवतं, पारू. कुनापुढंच न्हाय."

पारमितानं टिश्यू पुढं केला. तानीबाईनं तो घेतला नाही, पदराला हात पुसले.

बाहेर येईपर्यंत पारमितानं ठरवलं होतं. टेबलापर्यंतचं अंतर थोडं होतं, वाटेत केक भरवून घेणारी वाढदिवसाची मुलगी होती, तिच्याशेजारून जाताना वाक्य तोंडात अगदी गोळा होऊन आलं होतं. जयाबाईंनी शेवटचा तुकडा पाटावरून स्वतःच्या हातानं उचलून ठेवला होता. "आक्का, ह्यो तुमचा," त्या म्हणाल्या आणि तानीबाईच्या हातात दिला. हातातून हातात, मध्ये काही नाही. तानीबाईनं घेतला.

"काकू," पारमिता म्हणाली.

चौघांनी वर बघितलं. जयाबाईंचा चेहरा रडून स्वच्छ झाला होता. पारमितानं त्यांना पाहिल्यापासून त्या इतक्या आनंदात दिसल्या नव्हत्या. "काय गं बाळ?"

"विमानाची वेळ होतीय."

"व्हय की! चला, चला," म्हणत भरमाण्णा उठले, आणि सगळ्यांनी खुर्च्या सरकवल्या.

सांबऱ्याच्या वाटेवर पारमिता पुढं, साईराजच्या शेजारी बसली. भरमाण्णा घरी उतरले होते. मागच्या सीटवर जयाबाईंनी तानीबाईचा हात आपल्या हातात धरला होता आणि तो त्या सोडत नव्हत्या. आरशात ते दोन हात दिसत होते. पारमितानं आरसा बघायचं टाळलं, तरी एका वळणावर ते दिसलेच. जयाबाईंचा अंगठा तानीबाईच्या बोटांवरून मागंपुढं फिरत होता, आणि तानीबाईनं बोटं मिटून घेतली होती.

जयाबाईंचं माहेर, त्या दुपारी कुणीच न विचारलेलं, चिकोडीकडचं. लग्न होईपर्यंत त्या हंगामात घरच्या शेतात तंबाखूचे शेंडे खुडायच्या, आणि हात कडू लागतात म्हणून आईच्या हातून जेवायच्या.